नानांची डिकी

परोपकार हा एक रोग आहे. तो ज्याला जडतो त्याला त्याचा काडीचा त्रास होत नाही; त्रास होतो तो शेजारी बसलेल्या माणसाला. नानांच्या गाडीत शेजारी कायम माई बसत, तेव्हा त्यांनी काय काय सोसलं असेल ते वेगळं सांगायला नको. पण गंमत अशी, की नानांना हा रोग लावला कुणी, तर खुद्द माईंनीच.

त्याचं झालं असं. पुष्कळ वर्षांपूर्वी, मुलगी कडेवर असताना, या नवरा-बायकोची जुनी गाडी माळावरच्या रस्त्यात बंद पडली. माळ म्हणजे नजर जाईल तिथवर खडक, खुरटी झुडपं आणि वारा. पोरीच्या अंगात सणसणून ताप. बऱ्याच वेळानं एक पांढरी गाडी आली आणि माईंनी ती लांबूनच ओळखली. दादाची गाडी! माईंचा सख्खा थोरला भाऊ. माईंनी पदर हलवला, हाका मारल्या. गाडी जराशी हळू झाली आणि पुन्हा वेग घेऊन निघून गेली. पुढे एका ट्रकवाल्यानं त्यांना गावात पोचवलं, मुलगी बरी झाली, मोठी झाली, सासरीसुद्धा गेली. पण माईंचं मन त्या माळावरून काही हललं नाही. "मी पाहिलंच नाही तुम्हाला," दादा म्हणाला. "काच खाली होती. त्यानं मान वळवली," माई म्हणाल्या. बहीण-भावाचं बोलणं तिथं तुटलं ते तुटलंच. त्या दिवसापासून माईंच्या तोंडी एक वाक्य बसलं, "बघून न बघितल्यासारखं करणारी माणसं आपण नाही."

बाई रागाच्या भरात बोलून गेली. पण नाना पडले पाणीपुरवठा खात्यातले हेडक्लार्क. वरून आदेश आला की अंमलबजावणी करायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी डिकीत साहित्य जमवायला सुरुवात केली. जाडजूड दोर, जॅक, पाने, जंपर केबल, पाण्याचा कॅन, चिखलात चाकाखाली घालायच्या फळ्या, पंक्चरचं किट आणि आपल्या गाडीला न बसणारे निरनिराळ्या मापांचे फॅनबेल्ट. ऑफिसात त्यांना 'साहित्यसम्राट' म्हणत. रस्त्याच्या कडेला गाडी उभी दिसली की नानांचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. दहांतली नऊ माणसं निव्वळ लघवीला थांबलेली असत आणि नाना हातात पाना घेऊन धावत आलेले पाहून बिचाऱ्यांची फार कुचंबणा होई.

आता वरच्या काकांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. हे काका नानांच्या वरच्या मजल्यावर राहतात. स्वतःचं वाहन कधीच नसल्यामुळे वाहनांविषयी त्यांची मतं अत्यंत निःपक्षपाती आहेत. नानांनी चार नवे टायर घातले त्या दिवशी काका डिकीत डोकावून म्हणाले, "नाना, ही स्टेपनी कशाला वागवताय? चारही टायर नवेकोरे. उगाच जागा अडवून बसलीय. तिथं दुसऱ्याच्या उपयोगाचं काही मावेल." दुसऱ्याच्या उपयोगाचं म्हटल्यावर नाना विरघळले. स्टेपनी गॅलरीत गेली, तिच्यावर माईंनी कुंडी ठेवली, आणि डिकीत आणखी एक दोर आला.

आणि मग एका सकाळी वहिनीचा, म्हणजे दादाच्या बायकोचा, फोन आला.

"तू ये," वहिनी म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस काढला तर खूप. अजून शुद्धीत आहेत. सारखं तुझं नाव घेतायत. तुला काहीतरी सांगायचंय म्हणतात, मला सांगत नाहीत."

माईंनी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं ज्याचं नाव घरात काढायची चोरी होती, त्याच्यासाठी त्या ढसाढसा रडल्या. "अहो, मला पोचवा हो," एवढंच म्हणाल्या. "त्यानं काय सांगायचंय ते मला त्याच्या तोंडून ऐकू दे."

हॉस्पिटल माळाच्या पलीकडच्या गावात. नानांनी अंघोळही न करता गाडी काढली. जिन्यात वरचे काका भेटलेच. "घाई करू नका, अशा वेळीच अपघात होतात," असा धीर देऊन ते पेपर आणायला गेले.

माळ लागला. वनखात्याचा नाका मागं पडला. गाडी छान पळत होती. माई हातातला रुमाल पिळत बसल्या होत्या. आणि वळणावर एक पांढरी व्हॅन दिसली. उभी माईंच्या बाजूच्या कडेला, तोंड यांच्याकडे, बॉनेट उघडं, आतून वाफ. नानांचा पाय ब्रेकवर गेला.

"आज नको," माई म्हणाल्या.

"छे छे, आज कसलं," असं म्हणत नानांनी पाय उचलला, आणि गाडी व्हॅनच्या शेजारून जाऊ लागली. व्हॅनवर शववाहिका असं लिहिलं होतं. पुढे बॉनेटपाशी ड्रायव्हर आणि मागच्या उघड्या दारात एक म्हातारी बसलेली. तिनं हात केला नाही, हाक मारली नाही. नुसती मान वर करून माईंकडे बघितलं. आणि माईंची काच खाली होती.

माईंनी मान वळवली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण वर्षानुवर्षं घोकलेलं वाक्य असं आयत्या वेळी गिळता येत नाही. "थांबवा," त्या पुटपुटल्या. "पण दहाच मिनिटं हं."

दहाच मिनिटं! नाना डिकीकडे गेले ते नवरदेव मांडवात जावा तसे. या प्रसंगाची त्यांनी किती वर्षं वाट पाहिली होती! पाणी संपलंय, असं निदान करून त्यांनी अख्खा कॅन ओतला. तो खालून तितक्याच तत्परतेनं रस्त्यावर आला. रबरी पाइप फाटला होता. नानांनी पंक्चरच्या रबराची पट्टी त्याच्यावर गुंडाळली, ती सुटली. दोरीनं बांधली, ती भाजून निघाली आणि नानांची दोन बोटंही. फॅनबेल्ट कापून गुंडाळायची कल्पना ड्रायव्हरला आवडली नाही. "साहेब, राहू द्या," तो म्हणाला. "कुणीतरी येईल."

"कुणी येत नाही," नाना करारी आवाजात म्हणाले. "मला विचारा."

मग ठरलं ओढून न्यायचं. म्हातारीचं गाव फाट्यापासून आत होतं, आणि फाटा नाक्याच्या पलीकडे, म्हणजे ज्या बाजूनं हे दोघं आले होते त्या बाजूला. "जवळच आहे," ड्रायव्हर म्हणाला. ड्रायव्हर लोकांच्या 'जवळच'चा अनुभव ज्यांना आहे त्यांना मी काय सांगू? नानांनी गाडी वळवली. हॉस्पिटलकडे असलेलं गाडीचं तोंड उलटं फिरलं तेव्हा माईंनी डोळे मिटून घेतले. दोर बांधला. पहिल्याच झटक्यात दोर तुटला. इथं स्टेपनीच्या जागी आलेला दुसरा दोर कामी आला आणि नानांना वरच्या काकांबद्दल अतोनात आदर वाटला.

नाक्यावर दांडा आडवा. नाकेदार बाहेर आला, त्यानं दोर बघितला, मागची व्हॅन बघितली.

"आत्ताच तर गेलात की तुम्ही."

"परत आलो," नाना म्हणाले.

"ओढत चालणार नाही. मयताच्या कागदावर मागच्या गाडीचा नंबर आहे, तुमचा नाही. आणि मयत नेतंय कोण? तर तुम्ही."

"मयत नेणारी गाडी स्वतःच्या बळावर चालली पाहिजे, असं कुठल्या परिपत्रकात आहे?"

झालं! एका कारकुनानं दुसऱ्या कारकुनाला परिपत्रक विचारलं, की मग दोघांनाही घरदार आठवत नाही. नाकेदारानं फाइल काढली. नानांनी चष्मा काढला. ओढलं जाऊ नये असा नियम नव्हता, पण ओढलं जावं असाही नव्हता. मग नाकेदारानं रजिस्टर पुढे ओढलं. "बरं, एकूण माणसं किती?"

"पाच," नाना म्हणाले. मग अडखळले. "म्हणजे, चार."

"नक्की सांगा. रकान्यात नुसतं 'माणसं' छापलंय. जिवंत का कसं, ते काही दिलेलं नाही."

"पाच लिही रे बाबा," मागून म्हातारी म्हणाली. "उतरला नाही तो अजून."

नाकेदाराची लेखणी थबकली. तेवढ्यात माई गाडीतून उतरल्या. त्या थेट दांड्यापाशी गेल्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "माझा भाऊ तिकडे चाललाय. तो दांडा वर करा." नाकेदारानं एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दांडा वर केला. म्हणजे हे एवढंच आधी म्हणायला हवं होतं. पण नानांना ते सुचलं नव्हतं, त्यांना परिपत्रक सुचलं होतं.

फाट्यावर नानांनी गाडी थांबवली. आत कच्चा रस्ता जात होता, दगडांनी भरलेला. म्हातारी खाली उतरली आणि माईंच्या खिडकीशी आली. नाक्यावरचं बोलणं तिनं ऐकलं होतं.

"बाई, तुम्ही जा आता. गावातनं येईल कुणीतरी ट्रॅक्टर घेऊन. माझं माणूस आता कुठं जातंय? तुमचं जिवंत आहे."

माई नानांकडे बघत राहिल्या. आता खरं म्हणजे दोर सोडायचा आणि सुटायचं. कुणीही शहाणा माणूस हेच करील. पण दोर ताणलेला, गाठ घट्ट, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच नानांचं साहित्य एखाद्या माणसाच्या खरोखर उपयोगी पडत होतं. "अर्ध्यात सोडायचं म्हणजे काय?" नाना म्हणाले. "आता एवढं आलोच आहोत." माईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या का बोलल्या नाहीत, कुणास ठाऊक. बहुतेक त्यांचंच वाक्य त्यांच्या आड आलं असावं.

गाव आलं तेव्हा सगळं गाव वाटेवर उभं होतं. बायकांचा हंबरडा ऐकून माईंच्या अंगावर काटा आला. लोकांनी नानांचे हात हातात घेतले, कुणीतरी पाया पडलं. म्हातारीनं जाता जाता माईंच्या गालावरून हात फिरवला. नाना गहिवरले. असा मान त्यांना निवृत्तीच्या सत्कारातही मिळणार नव्हता. ड्रायव्हर गावात नवा पाइप शोधायला गेला आणि हे दोघं निघाले.

कच्चा रस्ता संपता संपता फाट असा आवाज झाला.

नाना उतरले. नवाकोरा टायर, बाजूनं वीतभर फाटलेला. धारदार दगड तसाच आत. पंक्चरचं किट असल्या जखमेला काय पुरणार! नानांनी सवयीनं जॅक काढला, पाना काढला, बाही वर सरकवली, आणि मग डिकीत बघत नुसते उभे राहिले. तिथं दोन दोर होते, एक तुटका. फळ्या होत्या, केबल होती, फॅनबेल्ट होते. जगातल्या कुठल्याही गाडीला मदत करता आली असती. फक्त एक गाडी सोडून.

"काय झालं?" माईंनी विचारलं.

"स्टेपनी," नाना म्हणाले.

माईंना गॅलरीतली कुंडी आठवली. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नानांना वाटलं.

फोनला रेंज नव्हती. दोघं मुख्य रस्त्यावर येऊन उभे राहिले. ऊन कललं होतं. एक जीप आली. नानांनी दोन्ही हात वर केले. जीपवाल्यानं हातातल्या पान्याकडे बघून वेग वाढवला. "अहो, तो पाना टाका आधी," माई म्हणाल्या. नानांनी पाना टाकला. मग एक ट्रक गेला. एक मोठी मोटार गेली, आतली बाई फोनमध्ये बघत होती. एक मोटार हळू झाली, माई धावल्या, आणि ती निघून गेली. प्रत्येक गाडीनंतर माई म्हणत, "यानंही पाहिलं नाही." आधी त्या हे रागानं म्हणत होत्या. मग नुसत्याच म्हणत राहिल्या.

"चुकलं माझं," नाना एकदा म्हणाले.

"तुमचं एकट्याचं नाही," माई म्हणाल्या. "गप्प बसा आता."

शेवटी फाट्यावरून धुळीचा लोट उठला आणि तीच पांढरी व्हॅन बाहेर आली. स्वतःच्या बळावर. ड्रायव्हरनं त्यांना पाहून करकचून ब्रेक मारला. "अरे! साहेब, तुम्ही अजून इथंच? बसा बसा. मी हॉस्पिटललाच चाललोय. गावाच्या टेकडीवर रेंज आली, तिथं फोन आला. आणखी एक न्यायचंय म्हणे."

नाना साहित्य उचलत होते, कारण उघड्या माळावर गाडी सोडून जायची तर निदान हे तरी चोरीला जायला नको. त्यांचे हात जागच्या जागी थांबले.

"कोण आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाव नाही सांगत आम्हाला. वॉर्ड तेवढा सांगतात."

दादा कुठल्या वॉर्डात आहे ते नानांना माहीत होतं. माईंनाही माहीत होतं. पण ड्रायव्हरला वॉर्ड कुठला, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. सगळ्या वाटेवर विचारलं नाही. मागच्या बाकावर दोघं शेजारी शेजारी बसले, पायाशी जॅक खडखडत होता, समोर रिकामं स्ट्रेचर. माईंनी नानांचा भाजलेला हात घट्ट धरून ठेवला होता आणि नानांना दुखत असूनही ते हूं की चूं करत नव्हते.

हॉस्पिटलच्या फाटकात दादाचा मुलगा उभा होता. व्हॅन बघून तो पुढे आला. मागचं दार उघडलं आणि आतून आत्या उतरली. तिच्यामागून खांद्यावर दोर टाकलेले नाना.

"आत्या?" त्याला कळेचना. "तुम्ही... गाडी घेऊनच आलात?"

माई तिथंच खाली बसल्या.

जमलेल्या नातेवाइकांत वहिनीचे मामा होते. कुठल्याही प्रसंगी मोठ्यानं बोलायचं व्रत घेतलेला हा माणूस. "याला म्हणतात नाना!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आम्ही दुपारपासून गाडीसाठी फोन करतोय, गाडी बाहेर गेलीय म्हणतात. आणि हे बघा, दोरासकट घेऊन आले! माणूस असावा तर असा." दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. सत्कार म्हणायचा तर हाच तो. नानांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण गाडी बाहेर का होती, परत यायला एवढा उशीर का झाला, हे त्या अंगणात फक्त तिघांना ठाऊक होतं आणि त्यातला ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता.

वहिनीनं माईंना जवळ घेतलं. "दुपारपर्यंत होते गं. सारखं एकच. ती निघाली का, ती निघाली का. मी म्हटलं, कधीच निघालीय."

"काय सांगायचं होतं त्याला?" माईंनी विचारलं. "काही बोलला?"

"नाही. तुलाच सांगणार होते. शेवटी शेवटी म्हणाले, थांबली असेल कुणासाठी तरी वाटेत. आणि हसले बघ. कितीतरी दिवसांनी हसले."

दादाचं घर माळाच्या अलीकडे, नानांच्याच बाजूला. वहिनी आणि मुलगा मोटारीनं पुढे गेले, घर उघडायला. दादाबरोबर व्हॅनमध्ये कुणी बसायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा माई काही न बोलता आत जाऊन बसल्या. मागोमाग नाना. साहित्याला दुसरी जागाच नव्हती, म्हणून दोर, केबल, जॅक सगळं पुन्हा स्ट्रेचरखाली गेलं.

माळावर संध्याकाळ उतरायला लागली होती. माईंचा हात पांढऱ्या चादरीवर होता. नाक्यावर नाकेदार बाहेर आला, आत डोकावला, माईंना ओळखलं आणि एक अक्षर न विचारता दांडा वर केला. पुढे फाट्यापाशी नानांची गाडी एका बाजूला कलून उभी दिसली. तिच्याकडे कुणी फार बघितलं नाही.

तिथून थोडं पुढं गेल्यावर ड्रायव्हरनं गाडी हळू केली. रस्त्याच्या कडेला एक छोटी मोटार, बॉनेट उघडं. एक माणूस आत वाकलेला. आणि बाजूला एक बाई, कडेवर मूल, दुसऱ्या हातानं ओढणी हलवत होती. हाकाही मारत होती, पण इंजिनाच्या आवाजात त्या कळत नव्हत्या.

"साहेब," ड्रायव्हर मागं वळून म्हणाला. "थांबू का?"

नानांचा पाय आपोआप खाली दाबला गेला, पण तिथं ब्रेक नव्हता. सगळं साहित्य पायाशी होतं. हॉस्पिटलच्या नळावर कॅनही भरून घेतलेला होता. आणि पुढे वहिनी दारात उभी असणार, माणसं खोळंबलेली असणार, आणि दादाला आणखी किती ताटकळत ठेवायचं? नानांनी खिडकीतून पाहिलं. बाईनं सरळ त्यांच्याकडे पाहिलं. नानांनी मान वळवली.

"चला," ते म्हणाले.

गाडीनं वेग घेतला. बाई मागं राहिली. खाली जॅक खडखडत होता. मग माईंनी चादरीची सुरकुती हातानं सारखी केली.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दादा एवढ्या घाईनं कुठं निघाला होता, ते आपण त्याला कधी विचारलंच नाही."